प्रस्तावना : जिथे थेंबे थेंबे तळे साचत नाही

जस्ताची एक पट्टी पॉलिशपेपरने घासून चकचकीत करावी, सुवर्णपत्र विद्युतदर्शीच्या माथ्यावर ठेवावी आणि तिला ऋण प्रभार द्यावा. आतली सोन्याची दोन पाने एकमेकांपासून फाकून उभी राहतात. आता दोनशे वॅटचा साधा दिवा पट्टीच्या अगदी जवळ आणला तरी पाने जागची हलत नाहीत. तो दिवा बाजूला ठेवून क्वार्ट्झच्या नळीतला लहानसा पाऱ्याचा दिवा लावला, की डोळ्यांना तो कितीतरी फिका वाटत असूनही पाने हळूहळू मिटू लागतात. दिवा आणि पट्टी यांच्यामध्ये खिडकीची साधी काच सरकवली की मिटणे थांबते, काच काढली की पुन्हा सुरू होते. पट्टीला धन प्रभार दिला असेल तर हाच दिवा कितीही वेळ चालू ठेवला तरी पाने तशीच फाकलेली राहतात. आणि पट्टी घासायची राहून गेली, तिच्यावर हवेमुळे चढलेला मळकट थर तसाच असला, तर ऋण प्रभार असूनही प्रयोग रेंगाळतो किंवा फसतोच. प्रकाशविद्युत परिणामाबद्दल विचारण्यासारखे जवळजवळ सगळे प्रश्न या एका टेबलावर मांडलेले आहेत. प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात हे वाक्य पाठ करायला सोपे आहे. पण प्रखर दिव्याला जे जमत नाही ते फिक्या दिव्याला का जमते, काचेने नेमके काय अडवले आणि मळलेल्या पट्टीने काय बिघडवले, हे त्या वाक्यातून कळत नाही.

आपल्याकडे हा विषय विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटतो तो बहुधा एका ठरावीक प्रश्नातून : प्रकाशविद्युत प्रवाहावर परिणाम करणारे घटक लिहा. उत्तरही ठरलेले असते. प्रकाशाची तीव्रता, प्रकाशाची वारंवारता, दोन पट्ट्यांमधले विभवांतर आणि धातूचा प्रकार. हे उत्तर चुकीचे नाही, पण चार घटक एका रांगेत बसवल्यामुळे ते एकाच जातीचे आहेत असा समज होतो, आणि तिथेच विषयाचा गाभा निसटतो. या गोष्टी वेगवेगळ्या जागी काम करतात. सेकंदाला किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेचे पुडे, धातूवर येऊन आदळले, हा एक प्रश्न. आलेल्यांपैकी कितींनी खरोखर एकेक इलेक्ट्रॉन धातूबाहेर काढला, हा दुसरा. आणि बाहेर पडलेल्यांपैकी किती इलेक्ट्रॉन त्यांना गोळा करण्यासाठी धातूसमोर ठेवलेल्या दुसऱ्या पट्टीपर्यंत पोहोचले, हा तिसरा. दोन पट्ट्यांमध्ये जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा या तिन्हींचा गुणाकार दाखवतो. तो संख्या मोजतो आणि फक्त संख्याच मोजतो. एकेका इलेक्ट्रॉनच्या अंगी किती ऊर्जा होती याचा त्याला पत्ता नसतो. ती ऊर्जा मोजायची रीत निराळी आहे. संख्या आणि ऊर्जा या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्या तर हा विषय सरळ आहे, एकत्र केल्या तर कायमचा गोंधळ आहे, एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. भौतिकशास्त्रालाही या दोन गोष्टी वेगळ्या करायला अठरा वर्षे लागली.

१८८७ साली हाइनरिश हर्ट्‌झ कार्ल्सरूअ इथे विद्युतचुंबकीय लहरींचा शोध घेत होता. लहर पोहोचली की ग्राहकाच्या फटीत बारीकशी ठिणगी उडे. ती नीट दिसावी म्हणून त्याने ग्राहकाभोवती काळोखी पेटी बसवली, तर ठिणगी आखूड झाली. दुसऱ्याने हा त्रासदायक दोष म्हणून सोडून दिला असता. हर्ट्‌झने मात्र मुख्य काम थांबवून त्याचा पाठपुरावा केला. लहरी निर्माण करणाऱ्या ठिणगीचा प्रकाश ग्राहकातल्या ठिणगीवर पडला की ही दुसरी लांब उडते, मध्ये काच ठेवली तर परिणाम जातो, क्वार्ट्झ ठेवला तर टिकतो, म्हणजे हे काम अतिनील किरणांचे आहे, इथपर्यंत तो पोहोचला. पुढच्याच वर्षी विल्हेल्म हालवाक्सने जस्ताच्या पट्टीवर तो परिणाम स्वच्छ करून दाखवला; वरचा प्रयोग मुळात त्याचा. त्याच सुमारास मॉस्कोत अलेक्सांद्र स्तोलेतोव्हने जस्ताच्या तबकडीसमोर धातूची जाळी उभी केली, दोन्हींमध्ये बॅटरी आणि गॅल्व्हानोमीटर जोडला आणि जाळीतून प्रकाश सोडून सतत वाहणारा प्रवाह मोजला. प्रकाश दुप्पट तर प्रवाह दुप्पट, हे सम प्रमाण त्याने दाखवले. इलेक्ट्रॉन तेव्हा कुणाला माहीतही नव्हता. जे. जे. टॉमसनने तो १८९७ साली ओळखला, आणि धातूतून प्रकाशाने बाहेर पडतात ते हेच कण, हे १८९९ साली दाखवले.

तीव्रता आणि प्रवाह यांचे हे सम प्रमाण इतके स्वाभाविक वाटते की त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. त्याचा उपयोग मात्र फार मोठा झाला. बोलपटाच्या फिल्मच्या कडेला आवाजाची एक अरुंद पट्टी असे. तिच्यातून जाणारा प्रकाश आवाजाबरहुकूम कमी-जास्त होई आणि प्रोजेक्टरमधल्या फोटोसेलवर पडे. फोटोसेलचा प्रवाह प्रकाशाच्या मागोमाग त्याच प्रमाणात चढ-उतार करत असल्यामुळेच पडद्यावरच्या नटाचा आवाज लाउडस्पीकरमधून न बिघडता ऐकू येई. प्रवाह तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असता तर प्रत्येक स्वर वेडावाकडा झाला असता. पण या प्रमाणावरून प्रकाश कणांचा आहे की लहरींचा, हे ठरत नाही. जास्त प्रकाश म्हणजे जास्त ऊर्जा, जास्त ऊर्जेने जास्त इलेक्ट्रॉन, असे लहरवादीही म्हणू शकत होता. पेच पुढे आला, आणि तो वाढलेल्या प्रवाहातून आला नाही. जे वाढायला हवे होते आणि वाढले नाही, त्यातून आला.

फिलिप लेनार्डने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निर्वात नळीतल्या धातूवर कार्बन आर्कचा झगझगीत प्रकाश टाकला आणि समोरची पट्टी हळूहळू ऋण करत नेली. ऋण पट्टी ऋण इलेक्ट्रॉनांना मागे लोटते. विरोध जितका वाढेल तितके कमी इलेक्ट्रॉन पलीकडे पोहोचतात. एका विवक्षित व्होल्टला सगळ्यांत वेगवान इलेक्ट्रॉनही परत फिरतो आणि प्रवाह शून्य होतो. हेच ते स्टॉपिंग पोटेन्शियल. चेंडू किती जोराने फेकला हे तो किती उंच गेला यावरून ओळखावे, तशी इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायची ही रीत आहे. लेनार्डने प्रकाशाची तीव्रता सुमारे हजारपट बदलली. प्रवाह त्याप्रमाणे बदलला, स्टॉपिंग पोटेन्शियल मात्र बदलले नाही. जोरदार लाटेने किनाऱ्यावरचे गोटे जास्त लांब फेकायला हवेत. इथे लाट हजारपट जोरदार झाली तर गोटे हजारपट जास्त उडाले, पण एकही गोटा आधीपेक्षा लांब गेला नाही.

लहरींच्या कल्पनेमागे आपल्या रोजच्या अनुभवाचे बळ आहे. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ऊर्जेबद्दलही तेच गृहीत धरतो. प्रकाश मंद असेल तर इलेक्ट्रॉनने थोडा वेळ थांबावे, लागेल तेवढी ऊर्जा साठवावी आणि मग बाहेर पडावे. हा हिशेब मांडूनच बघावा. सोडियमच्या पृष्ठभागापासून एक मीटरवर एक वॅट प्रकाश देणारा दिवा आहे असे धरू. एका अणूने आपल्या आकाराएवढ्या जागेवर पडणारी लहरीची ऊर्जा गोळा केली, तर इलेक्ट्रॉन सोडवण्यासाठी लागणारी ऊर्जा जमायला दोन-अडीच मिनिटे लागतील. प्रत्यक्षात १९२८ साली लॉरेन्स आणि बीम्स यांनी मोजले तेव्हा प्रकाश पडणे आणि इलेक्ट्रॉन सुटणे यांत तीन नॅनोसेकंदांइतकाही विलंब आढळला नाही. उलट, ज्या तांबड्या प्रकाशाने जस्तातून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, तो दिवसभर पाडला तरी काही साचत नाही. इथे तळे साचत नाही. किंमत हप्त्याहप्त्याने चालत नाही, ती एकरकमी द्यावी लागते.

आइनस्टाइनने १९०५ साली मांडले ते हेच. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या या सव्वीस वर्षांच्या तरुणाने म्हटले की प्रकाशाची ऊर्जा पुड्यापुड्यांत येते, एका पुड्यातली ऊर्जा प्रकाशाच्या वारंवारतेच्या प्रमाणात असते, आणि एक पुडा एकाच इलेक्ट्रॉनला सगळाच्या सगळा मिळतो. त्यातून धातू आपली किंमत वसूल करतो, उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन गतीच्या रूपात घेऊन जातो. ही किंमत म्हणजे वर्क फंक्शन. सीझियमची ती सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, सोडियमची २.३, जस्ताची ४.३. तांबड्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये दोनहून कमी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, जांभळ्यामध्ये साधारण तीन, आणि पाऱ्याच्या दिव्याच्या २५४ नॅनोमीटरच्या अतिनील रेषेत ४.९. जस्ताच्या पट्टीचे कोडे एवढ्यावर सुटते. साध्या दिव्याकडे फोटॉन अगणित आहेत, पण जस्ताची किंमत चुकवू शकणारे जवळपास नाहीत. पाऱ्याच्या दिव्याकडे फोटॉन कमी आहेत, पण त्यांतला प्रत्येक ४.९ वाला ही किंमत मोजू शकतो. खिडकीची काच नेमके तेच फोटॉन अडवते.

आता वारंवारतेचा घटक, आणि इथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण वर्गातले सगळ्यांत फसवे वाक्य इथेच आहे : उंबरठ्याच्या वर गेल्यावर प्रवाह वारंवारतेवर अवलंबून नसतो. उंबरठा म्हणजे धातूची किंमत जेमतेम चुकवणारी वारंवारता. पुस्तकातल्या प्रवाह आणि विभवांतर यांच्या आलेखात वेगवेगळ्या वारंवारतेच्या वक्ररेषा उजवीकडे एकाच सपाट उंचीवर मिळालेल्या दाखवतात. हे चित्र खरे होण्यासाठी दोन अटी लागतात, आणि त्या आलेखाखाली क्वचितच लिहिलेल्या असतात. पहिली अट, दोन्ही वारंवारतांना सेकंदाला येणारे फोटॉन सारखे असले पाहिजेत. तीव्रता आपण वॅटमध्ये मोजतो, फोटॉनांच्या संख्येत नाही. एक मिलिवॅट जांभळा प्रकाश घ्या, तरंगलांबी ४०० नॅनोमीटर. त्यात सेकंदाला सुमारे दोन हजार लाख कोटी फोटॉन असतात. तेवढाच एक मिलिवॅट अतिनील प्रकाश २५० नॅनोमीटरचा घेतला, तर प्रत्येक फोटॉन महाग झाल्यामुळे तेवढ्याच ऊर्जेत साडेबाराशे लाख कोटीच बसतात. प्रत्येक फोटॉनने एक इलेक्ट्रॉन काढला असता, तर पहिल्याने ३२० मायक्रोअँपिअर प्रवाह दिला असता आणि दुसऱ्याने २०० मायक्रोअँपिअर. म्हणजे सारख्या वॅटला वारंवारता वाढवली की प्रवाह कमी व्हायला हवा! दुसरी अट, प्रत्येक फोटॉनची यशाची शक्यता सारखी असली पाहिजे, आणि तीही पाळली जात नाही. धातूवर पडलेला बराचसा प्रकाश परावर्तित होतो. आत शिरलेल्या फोटॉनने एखादा इलेक्ट्रॉन हलवला तरी पृष्ठभागापर्यंत येताना तो इतरांशी टकरून ऊर्जा गमावतो. जेमतेम किंमत भागेल इतकीच ऊर्जा असेल तर योग्य दिशेने निघालेले मोजकेच बाहेर पडतात. ऊर्जा थोडी जास्त असली की सुटणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते. उंबरठ्याजवळ ही वाढ जादा ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात होते, हे राल्फ फाउलरने १९३१ साली दाखवले. शुद्ध धातूत उंबरठ्याजवळ हजार फोटॉनांमागे एक इलेक्ट्रॉनही मिळत नाही, तर अँटिमनीबरोबर पोटॅशियम आणि सीझियम मिसळून केलेल्या पृष्ठभागावर निळ्या प्रकाशात चारांमागे एक मिळू शकतो. तेव्हा वारंवारतेचा प्रवाहाशी संबंध नाही असे म्हणण्यापेक्षा, तिचा संबंध दोन उलट दिशांनी येतो, एकीकडे ती फोटॉनांची संख्या घटवते आणि दुसरीकडे प्रत्येकाची शक्यता वाढवते, असे म्हणणे जास्त प्रामाणिक होईल. कमाल ऊर्जेशी तिचे नाते मात्र निखालस सरळ आहे.

यावर शिक्षक म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, की सतरा-अठरा वर्षांच्या मुलांपुढे एवढा गुंता मांडला तर मूळ नियमच त्यांच्या हातून निसटेल. सोपे चित्र आधी, बारकावे नंतर. पण सोपे करणे आणि अट लपवणे यांत फरक आहे. आलेखाखाली 'फोटॉनांची संख्या आणि त्यांची यशाची शक्यता सारखी ठेवून' असे एका ओळीत लिहिल्याने कुणाचे ओझे वाढत नाही. उलट ती ओळ नसली की विचार करणारा विद्यार्थीच अडखळतो, कारण वॅट सारखे ठेवून त्याने केलेला बरोबर हिशेब पुस्तकाशी जुळत नाही आणि चूक आपलीच असेल असे त्याला वाटते.

विभवांतराचे काम यापेक्षा खूपच साधे आहे. ते एकही नवा इलेक्ट्रॉन निर्माण करत नाही, सुटलेल्यांना फक्त गोळा करते. म्हणूनच ते वाढवत नेले की प्रवाह काही काळ वाढतो आणि मग सपाट होतो. सगळे सुटलेले इलेक्ट्रॉन पोहोचू लागले, आता आणखी कुठून आणणार? आणि म्हणूनच विभवांतर शून्य असतानाही थोडा प्रवाह असतो; काही इलेक्ट्रॉन स्वतःच्या गतीने पलीकडे जातात. दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो आणि सपाटीची उंचीही चौथ्या हिश्शावर येते. पण डावीकडे, विरोधी बाजूला, आलेख अक्षाला टेकतो ती जागा तसूभरही सरकत नाही.

धातूच्या प्रकाराबद्दल लिहिताना पृष्ठभागाबद्दल लिहिले पाहिजे, कारण सारा खेळ वरच्या काही अणूंच्या थरांचा आहे. रॉबर्ट मिलिकनला हे सगळ्यांत नीट ठाऊक होते. शिकागोत त्याने सोडियम, पोटॅशियम आणि लिथियम हे तीन धातू घेतले. हवा लागली की क्षणात काळवंडणारे हे धातू त्याने निर्वात काचपात्रात बंद केले आणि बाहेरून चुंबकाने हलवता येईल अशी सुरी आत बसवली. मोजमापापूर्वी ती सुरी निर्वातातच धातूवरून पातळ काप काढी आणि हवा न लागलेला ताजा पृष्ठभाग प्रकाशासमोर येई. आणखी एक सूक्ष्म अडचण त्याने ओळखली होती. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या तारेने जोडल्या की त्यांच्यात आपोआप एक विभवांतर उभे राहते, आणि ते मोजलेल्या स्टॉपिंग पोटेन्शियलमध्ये मिसळते. तेवढी दुरुस्ती केली नाही तर आलेखावरून काढलेले वर्क फंक्शन प्रकाश पडणाऱ्या धातूचे नसून समोरच्या गोळा करणाऱ्या पट्टीचे निघते. प्रयोगवहीत छापील आकड्याशी आपला आकडा जुळत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा इथे असतो. वारंवारता आणि स्टॉपिंग पोटेन्शियल यांची सरळ रेषा मात्र मिलिकनला मिळाली, तिचा उतार कोणत्याही धातूला एकच आला, आणि त्या उतारावरून १९१६ साली त्याने काढलेला, पुड्याची ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणारा प्लांकचा स्थिरांक आजच्या मूल्याच्या एक टक्क्याच्या आत आहे. एवढे करून मिलिकनचा प्रकाशाच्या पुड्यांवर विश्वास बसला नाही. समीकरण बरोबर, त्यामागची कल्पना टिकणारी नाही, असे त्याने त्याच निबंधात म्हटले. १९१३ साली खुद्द प्लांक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आइनस्टाइनची बर्लिनच्या अकादमीसाठी शिफारस केली, तेव्हाही या कल्पनेत आइनस्टाइनचा नेम चुकला असेल, पण ते मनावर घेऊ नये असे लिहिले होते. १९२१ च्या नोबेल पारितोषिकाच्या निवेदनात प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा उल्लेख आहे, प्रकाशाच्या पुड्यांचा नाही.

हा संशय केवळ जुन्या लोकांचा हट्ट होता असे समजणे चुकीचे ठरेल. १९६९ साली विलिस लॅम्ब आणि मार्लन स्कली यांनी दाखवले की प्रकाश लहर मानला आणि फक्त धातूतल्या इलेक्ट्रॉनला क्वांटमचे नियम लावले, तरी उंबरठा, आइनस्टाइनचे समीकरण आणि तीव्रतेचे सम प्रमाण ही तिन्ही मिळतात. आक्षेप भक्कम आहे, आणि प्रकाशविद्युत परिणामाने फोटॉन 'सिद्ध' केला असे सरसकट लिहिणाऱ्यांनी तो ऐकला पाहिजे. लहरवाद्याला तरी एक अवघड प्रश्न उरतोच : अतिमंद प्रकाशात, पुरेशी ऊर्जा पोहोचलेलीही नसताना सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा ऊर्जेचा हिशेब कसा जुळवायचा? आणि निर्णायक पुरावा नंतर आला तोही प्रकाशविद्युत परिणामावरच चालणाऱ्या नळ्यांनी दिला. १९८६ साली फ्रान्समध्ये ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांनी एकेक फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडला आणि दोन्ही वाटांवर एकेक शोधक ठेवला. लहर असती तर ती दुभंगून दोन्हीकडे एकदम नोंद झाली असती. तशा जोडनोंदी लहरवादाला मान्य असलेल्या किमान संख्येपेक्षा कितीतरी कमी आल्या. दुसरा आक्षेप लेझरचा. फार प्रखर लेझरने उंबरठ्याखालच्या प्रकाशातही इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे एकरकमीचा नियम मोडला का? तिथे एकाच इलेक्ट्रॉनला जवळजवळ एकाच वेळी दोन फोटॉन मिळतात, आणि प्रवाह तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हे वर्गाचे नाते फोटॉनांच्या मोजणीतूनच सहज निघते. साध्या दिव्याच्या प्रकाशात असा योग जुळणे जवळजवळ अशक्य असते.

छतावरचे सोलर पॅनेल किंवा संध्याकाळी आपोआप लागणाऱ्या दिव्यातला सेन्सर हे याच परिणामाचे चुलत भाऊ आहेत. तिथे इलेक्ट्रॉन पदार्थाबाहेर पडत नाही, आतल्या आत मोकळा होतो. सिलिकॉनला त्यासाठी १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, म्हणून अवरक्त प्रकाशाचा काही भागही त्याला चालतो. या पुस्तकात जिथे पॅनेलची उदाहरणे आली आहेत तिथे हा फरक ध्यानात ठेवावा. मूळ परिणाम सगळ्यांत शुद्ध रूपात बघायचा असेल तर तो फोटोमल्टिप्लायर नळीत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले इथे उभारलेल्या 'मेस' दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात अशा १०८८ नळ्या आहेत. अवकाशातून आलेला गॅमा किरण वातावरणात कणांचा वर्षाव घडवतो आणि त्यातून काही नॅनोसेकंदांची निळसर लकाकी निघते. तिचे तुरळक फोटॉन नळीवर पडतात, त्यांतल्या काहींकडून एकेक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि नळी त्याची संख्या पायरीपायरीने प्रचंड वाढवून मोजता येईल असा प्रवाह करते. वर सांगितलेले तिन्ही प्रश्न, किती आले, किती सुटले, किती पोहोचले, त्या नळ्या बनवणाऱ्याला रोज सोडवावे लागतात.

पुढच्या पानांत आलेख बरेच आहेत. ते वाचताना नजर आपोआप उजवीकडच्या उंच सपाट रेषांवर जाते. पहिल्या वाचनात ती आवरावी आणि डावीकडचा कोपरा बघावा, जिथे मंद, मध्यम आणि प्रखर प्रकाशाच्या तिन्ही वक्ररेषा वेगवेगळ्या उंचीवरून उतरत येतात आणि अक्षावर एकाच बिंदूत मिळतात.